दोनशे अकरा

ऑक्टोबर. वाऱ्यानं कालपासून जाळी उघडू दिलेली नाहीत.
डाव्या हाताला बाल्टिक, उजव्या हाताला पाइनचं रान,
मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून पक्षी दक्षिणेला निघालेत,
आणि मी, वेल्गा, स्टोव्हला पाठ लावून
इल्गवार्सच्या एकतीस वह्या मोजणारा प्रोग्राम
पुन्हा पहिल्यापासून लिहिते आहे.

पायथन मला येतं. म्हणजे,
पाहुण्यापुरती येते ना एखादी भाषा, तेवढं.
या, बसा, चहा घ्या.
त्यापुढचं वाक्य आलं की मी स्वयंपाकघरात जाते.
तीन वर्षं उसनवारीवर भागवलं:
कुठून तरी चार ओळी आणायच्या, चिकटवायच्या,
चालल्या तर हात लावायचा नाही,
निजलेल्या बाळाला लावत नाहीत तसा.
एकच लूप सतरा जागी.
रॉबिनला एक, सिस्किनला एक,
साडेपाच ग्रॅमच्या गोल्डक्रेस्टला सुद्धा एक अख्खा, स्वतंत्र.

रेनार्स उन्हाळ्यात लिएपायाहून आला होता, माशा मारत पाहत बसला,
मग पडद्यावर नखानं टिचकी मारून म्हणाला,
"हे सतरा वेळा कशाला? एकदा लिही, नाव दे,
मग नावानं हाक मार."
फंक्शन म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.
नाव द्यायचं ठाऊक नव्हतं.
एक दुपार गेली त्या नावापायी.
आणि डिक्शनरी समजली ती जाळ्याच्या तिसऱ्या फेरीला,
मुठीत पक्षी, चिमट्यात कडी:
कडीवरचा नंबर हीच किल्ली.
सव्वीस वर्षं मी किल्ल्याच अडकवत होते की पायांत,
आणि कुलूप शोधत होते कागदांत!

आज ती ओळ सापडली.
माझीच. पहिल्या हिवाळ्यातली.
एक्सेप्ट, आणि त्याच्या पोटात पास.
म्हणजे: काही बिनसलं तर
तोंडातून शब्द काढू नकोस, पुढे चल.
केवढी ऋणी होते मी तेव्हा त्या ओळीची.
लाल अक्षरं थांबली होती.
शेवटी एक आकडा येत होता,
आणि तो आकडा मी दर जानेवारीत रिगाला पाठवत होते.

ओळ पुसली. प्रोग्राम कोसळला.
वही सात, ओळ चारशे बारा.
वजनात टिंबाऐवजी स्वल्पविराम, आपण सगळे लिहितो तसा.
दुरुस्त केलं. पुन्हा कोसळला.
दिनांकाच्या जागी "धुकं".
पुन्हा.
नंबरातला एक सात कॉफीच्या डागाखाली.
पुन्हा.
लाकडं संपली, स्टोव्ह विझला, मी कोट चढवला.
अंधार पडेतो दोनशे अकरा झाले.
दोनशे अकरा पक्षी, जे आले होते,
हातात धरले गेले होते,
आणि ज्यांना मी गप्प केलं होतं.

शेवटचा वही एकोणतीसमध्ये.
वजनाच्या रकान्यात आकडा नाही, इल्गवार्सचं वाक्य,
टाइप करणाऱ्या कुणा पोरानं इमानानं जसंच्या तसं उतरवलेलं:
"फार थरथरत होता. तोलला नाही. सोडला."
बाकीच्यांसाठी नियम लिहिले होते मी.
याच्यासाठी काय लिहू?
वजन रिकामं ठेवलं. शून्य नव्हे, रिकामं;
त्या दोहोंतला फरक महिनाभरापूर्वी मला सांगता आला नसता.
पक्षी मोजला.
मूळ वाक्य शेजारी टिपेच्या रकान्यात ठेवलं.

रेनार्सचा फोन. "चालतोय का?"
म्हटलं, नाही. आता कुठे बोलायला लागलाय.
तो हसला. मी नाही हसले,
रिगाला पत्र लिहायचं होतं,
तीन वर्षांच्या आकड्यांबद्दल,
आणि पहिलं वाक्य सुचत नव्हतं.

वारा पडतोय बहुतेक.
पाइन ऐकू येईनासे झाले.
पाचला उठून जाळी उघडायला हवीत.